मागून आणलेला नर

आमच्या घराण्यात मागून आणलेल्या जनावराचा एक कायदा होता. कळपासाठी कुणाचा मेंढा मागून आणला, तर आपल्या मेंढरांच्या आधी चारा त्याला, सगळ्यात कोरडी जागा त्याला, आणि परत पोचवताना तो आला त्याहून जड असला पाहिजे. हलका गेला तर त्या घराची अब्रू गेली, पुढच्या वर्षी कुणी दावणीला उभं करत नसे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फुलंब्रीच्या माळांवर चाळीसेक वर्षं मेंढरं राखली आणि हा कायदा पाळला. मी मेंढरं राखली नाहीत. मी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, आणि केसाएवढा फरक निघाला तरी माल परत. पण कायदा अंगात मुरलेलाच होता. फक्त मी मागून आणला तो मेंढा नव्हता, साप होता.

साप म्हटलं की लोक दोन पावलं मागं सरकतात म्हणून आधीच सांगतो: बॉल पायथन. आफ्रिकेतला छोटा अजगर, बिनविषारी, घाबरला की डोकं आत घालून चेंडूसारखा गोळा होतो. माझ्याकडं एक मादी होती, रीतसर सरकारी नोंद केलेली, सहा वर्षांची. माणसं कबुतरं पाळतात, कुत्री पाळतात, मी ही पाळली. बायकोनं दोनच अटी घातल्या. साप मागच्या खोलीबाहेर येणार नाही, आणि गोठवलेले उंदीर घरच्या फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत. मी उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीज घेतला. आबांनी काही अट घातली नाही, ते फक्त चार वर्षं त्या खोलीत आले नाहीत. आयुष्यभर मेंढरांच्या पायात येणारे साप काठीनं बाजूला करणारा माणूस तो. "तुझ्या त्या दोरखंडाला जेवण झालं का?" एवढंच कधीमधी लांबून विचारायचे.

मादीला नर हवा होता, आणि नर होता खुलताबादच्या माझ्या मित्राकडं. हा मित्र पाणी उपसायच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. सगळा गाव त्याला मिस्तरी म्हणतो, आबाही म्हणतात, म्हणून मीही इथं तेच म्हणतो. दहा वर्षांपूर्वी मी त्याच्याकडं एक जळालेली मोटार घेऊन गेलो होतो. तांब्याच्या तारेच्या रिळांमागं फळीवर एक काचेची पेटी दिसली, आणि मोटार राहिली बाजूला, आम्ही सापांवर तास घालवला. त्याचा नर नऊ वर्षांचा. दोन हिवाळ्यांपूर्वी त्या नराच्या छातीत कफ भरला होता, श्वास घेताना शिट्टी वाजायची. मिस्तरीनं बारा दिवस दुकानाचं निम्मं शटर पाडून, पेटीजवळ दिवा लावून त्याला ऊब दिली. गिऱ्हाईकं शिव्या देऊन गेली, पण जनावर वाचलं. तो नर त्यानं कधी कुणाला दिला नव्हता. मी मागितला तेव्हा तो बराच वेळ हातातली तार गुंडाळत बसला.

"तू मांगा इसलिए देतो," तो शेवटी म्हणाला. त्याचं बोलणं असंच, अर्धी मराठी अर्धी दखनी. "अर्धी पिल्लं तुझी, अर्धी माझी. और एक बात. दर इतवारला मी फोन करणार. खाल्लं का नाही, बस इतनाच सांग. दुसरं मी काही विचारणार नाही."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी त्याला घरी आणला. वजन केलं, नऊशे साठ ग्रॅम. मग कायद्याप्रमाणं सगळ्यात चांगली जागा त्याला दिली. माझ्या मादीची पेटी म्हणजे मी स्वतः बनवलेली प्लायवूडची पेटी होती, पुढं काच, खालून ऊब, तापमान राखणारं यंत्र, सगळं अगदी मोजून मापून. मादीला काढून प्लास्टिकच्या साध्या टबात ठेवली, पेटी दोनदा फिनेलनं घासली, उन्हात वाळवली आणि पाहुण्याला त्यात ठेवला. मला फार बरं वाटलं. आबांना मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालोही, की बघा, मागून आणलेल्याला आमच्याकडं असं ठेवतात.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्यानं उंदीर घेतला. फोन आला, मी सांगितलं, मिस्तरी खूश. त्या आठवड्यात नर-मादी तीन दिवस एकत्र ठेवले, जमलंही. आणि पुढच्या रविवारी नरानं उंदराकडं पाहिलंसुद्धा नाही.

फोन वाजला तेव्हा उंदीर पेटीतच पडलेला होता.

"खाया क्या?"

"हो, खाल्ला," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो ते मला नीट सांगायचं आहे, कारण त्यानंतर जे काही झालं ते या दोन शब्दांपासून झालं. या काळात नर खाणं सोडतात. मादीच्या मागं लागलेल्या नराला पोटाची शुद्ध राहत नाही, हे मिस्तरीला ठाऊक होतं आणि मलाही. खरं सांगितलं असतं तर तो हसला असता. पण 'माझ्या घरी तुझं जनावर उपाशी आहे' हे वाक्य माझ्या जिभेवर येईना. मला वाटलं, सकाळपर्यंत खाईलच, तर उद्याचं खरं आज सांगितलं, बिघडलं कुठं? सकाळी उंदीर तसाच होता. मी तो कागदात गुंडाळून बाहेर नेला तेव्हा बायको दारात उभी होती. "फोन करून सांगून टाका ना," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?" मी तिच्यावर खेकसलो.

तिसऱ्या रविवारी मी पुन्हा "खाल्ला" म्हणालो आणि मिस्तरीनं त्यावरून पुढचा हिशेब केला. "बढिया. खातोय म्हणजे तब्येत टकाटक. अजून दोन-तीन वेळा सोड मादीकडं, अंडी पक्की होतील." न खाणाऱ्या नराला खरं तर विसावा द्यायचा असतो. मादीकडं सोडला की तो आणखी झिजतो. पण नको म्हणायचं तर कोणत्या तोंडानं? खातोय असं मीच सांगितलं होतं. मी त्याला पुन्हा सोडला, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. दर खेपेला तो हलका होऊन बाहेर आला. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. इथं खोटं बोललो मी, आणि गोटा बसत होता त्या मुक्या जनावराच्या कपाळी.

मग माझी पळापळ सुरू झाली. रोज संध्याकाळी कंपनीतून आलो की आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढायचा. नऊशे एक्केचाळीस. नऊशे बारा. आठशे अठ्ठ्याऐंशी. काट्याच्या पसरट भांड्यात तो गोळा होऊन बसायचा आणि मी आकडा वहीत लिहायचो, जसं काही लिहिल्यानं वजन वाढणार होतं. उंदीर गरम पाण्यात ठेवून पाहिला. बायकोच्या केस वाळवायच्या यंत्रानं त्याचं डोकं गरम करून पाहिलं, आणि ते यंत्र नंतर तिनं कचऱ्यात टाकलं. तपकिरी उंदराऐवजी पांढरा आणला, मोठ्याऐवजी छोटा. बिडकीनच्या एका पोल्ट्रीवाल्याकडून कोंबडीचं मेलेलं पिल्लू आणलं. फोनवरच्या सापवाल्यांच्या गटात विचारलं, तर तिथं सगळे उंटावरचे शहाणे. एक म्हणे अंधार करा, दुसरा म्हणे उजेड ठेवा, तिसरा म्हणे कोमट पाण्यात बसवा. मी अंधार केला, उजेड केला, कोमट पाण्यातही बसवला. दिवसातून चारदा पेटी उघडायचो. काचेवर माझ्या बोटांचे ठसे, आणि आत त्याची पाठ मधोमध वर येत चाललेली, छपरासारखी. भरल्या अंगाच्या सापाची पाठ गोल असते. याची कड आता बोटाला लागायची.

सगळ्यात वाईट म्हणजे तो स्वस्थ नव्हता. दिवेलागणीला सुरू करायचा. काचेवरून सरपटत कोपऱ्यात, कोपऱ्यातून जाळीकडं, प्लायवूडच्या सांध्यात नाक खुपसायचा, मागं यायचा, पुन्हा तेच. नाकावरचा खवला घासून पांढरा पडला. मी म्हणायचो, भुकेनं वेडा झालाय, शोधतोय. लगेच उंदीर धरायचो. तो उंदराच्या अंगावरून निघून जायचा आणि पुन्हा त्याच सांध्यात नाक घालायचा. अन्नावरून चालत जाणारं उपाशी जनावर पाहिलंय का कुणी?

आणि रविवार काही चुकत नव्हता. शनिवारी दुपारपासूनच माझं तोंड कडू व्हायचं. फोनवर मिस्तरीचा आवाज आनंदी असायचा, मागं मोटारीची घरघर. "खाया?" "हो." एकदा त्यानं विचारलं, "मोठा घेतला का मध्यम?" आणि मी म्हणालो, मध्यम. म्हणजे आता खोट्याला मापंही आली. कंपनीत शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एका खोक्याकडं बोट करून विचारलं, "सर, हे मोजलं का?" मी मान वर न करता म्हणालो, "हो." खोकं पुढं गेल्यावर लक्षात आलं, की मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. धावत जाऊन ते परत आणलं, एकेक नग मोजला. माल चोख निघाला. पण बाई माझ्याकडं बघत होत्या.

जानेवारी अर्धा सरला तेव्हा काट्यावर आठशे वीस आलं. त्या संध्याकाळी बायको माहेरी होती. मी पेटीपुढं फरशीवर बसलो होतो, चिमट्यात उंदीर, आणि तो पुन्हा उंदरावरून चालत गेला. मला रडू आलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, हातात मेलेला उंदीर धरून रडतोय. कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं, याचीही लाज वाटेना. दोन हिवाळ्यांपूर्वी ज्या माणसानं बारा दिवस याला ऊब दिली, त्याला मी काय परत देणार होतो? कातडं?

"काय झालं रं?"

आबा उंबऱ्यात उभे होते. चार वर्षांत पहिल्यांदा. मी सगळं सांगितलं. न खाणं सांगितलं, रविवारही सांगितले. खोटं बोललो हे ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, पण त्यावर काही बोलले नाहीत. आधी जनावर, मग माणूस, हीही त्यांची जुनीच सवय. भिंतीला हात लावत ते आत आले आणि पेटीपासून हातभर अंतरावर खाली बसले. बराच वेळ नुसते बघत राहिले. नर सांध्यात नाक घालत होता, जीभ आतबाहेर.

"हा भुकेला नाय फिरत," आबा म्हणाले. "हा हुंगतोय."

"काय हुंगतोय?"

"ही पेटी कुनाची?"

"मादीची. सगळ्यात चांगली तीच आहे. म्हणून तर त्याला दिली."

आबांनी कपाळाला हात लावला. "आरं येड्या, मागून आनलेल्या मेंढ्याला कोरडी जागा देयाची, व्हय. पर माद्यांच्या मधी नाय बांधायचा. काम झालं की त्याला काढायचा आन् वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्यायचा. मेंढीचा वास नाकात हाय तवर हिरव्या पाल्याला बी तोंड लावत नाय तो. रातदिस नुसता वास घेत फिरतो. लई मेंढे असं झिजून मेलेलं बघितल्यात म्या."

"पण मी दोनदा फिनेलनं धुतली की."

"लाकूड हाय ते. मेंढी धुतली म्हंजी लोकरीतला वास जातो का?"

पेटीला तापमानाचा काटा होता, ओल मोजायचा काटा होता, जनावरासाठी वजनकाटा होता. वासाला काटा नव्हता, म्हणून मी वासाचा विचारच केला नव्हता. त्यात मादीचा टब त्याच खोलीत, चार हातांवर. आणि मी रोज आधी मादीला बघायचो, मग त्याच हातांनी त्याला उचलायचो. कायदा मी शब्दाला शब्द पाळला होता आणि पाहुण्याला नेमका मादीच्या अंथरुणात झोपवला होता. ज्यानं एकही मेंढरू राखलं नाही त्यालाच ही चूक सुचणार.

"कुठं न्यायचा मग?" मी विचारलं. घरात ती मागची खोली सोडली तर सापाला जागा नव्हती, बायकोची अटच होती.

आबांनी पुढच्या अंगाला हात केला. "माझ्या खोलीत ठिव," ते म्हणाले. "पर पलंगापाशी नगं. तिकडं कोपऱ्यात. सूनबाईला म्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी शहागंजातून नवा प्लास्टिकचा टब आणला, तापत्या सळईनं भोकं पाडली, नवे कागद, नवं पाण्याचं भांडं, नवा चिमटा. जुन्यातलं काही म्हणजे काही वापरायचं नाही, अशी आबांची ताकीद होती. मला त्यांनी आधी आंघोळ करायला लावली आणि धुऊन घडी घातलेले कपडे घालायला लावले. मी पन्नाशीला टेकलेला, कंपनीत लोक मला वचकून असतात, आणि इथं बाप पंचानं माझे कोपर पुसून बघत होता. नर नव्या टबात गेला. टबावर आबांचं एक स्वच्छ धोतर पांघरलं. त्यांची खोली पूर्वेच्या अंगाला, पुढं, मागच्या खोलीपासून घरात जितकी लांब जाता येईल तितकी लांब.

"आता आठ दिस झाकन उघडायचं नाय," आबा म्हणाले. "वजन नाय, उंदीर नाय, हात नाय, काय नाय."

ते आठ दिवस मला भुकेच्या सहा आठवड्यांपेक्षा जड गेले. निदान आधी माझ्या हाताला काम होतं. आता कंपनीतून यायचो आणि आबांच्या दारात उभा राहायचो. ते पलंगावर मांडी घालून पहाऱ्याला बसलेले. "जिता हाय," म्हणायचे. "जा, च्या पी." तुम्हाला कसं कळतं, असं विचारलं तर म्हणायचे, "मेल्यालं जनावर येगळं गप बसतं." तिसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेलेले पाहून मी हळूच धोतराला हात घातला. एवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं आणि आबा ओलेत्यानं, कमरेला पंचा, तिथूनच ओरडले, "हात काढ!" लहानपणी विळी हातात घेतली तेव्हा ओरडले होते, तसेच. बायको खो खो हसली. मला हसू आलं नाही. मला वाटत होतं, खाली तो मेला असेल आणि आम्ही त्याच्यावर धोतर पांघरून बसलो असू.

या आठ दिवसांतही एक रविवार आला. फोन वाजला तेव्हा मी आबांच्याच खोलीत होतो. बाहेर जायचं धाडस झालं नाही, तसं केलं असतं तर ते फारच उघडं पडलं असतं. "खाया?" मिस्तरीनं विचारलं. आबा माझ्याकडं बघत होते. मी खिडकीकडं तोंड केलं आणि म्हणालो, "हो."

फोन ठेवल्यावर आबा म्हणाले, "जनावर सुटंल यातनं. तू कसा सुटशील ते बघ."

नवव्या दिवशी संध्याकाळी उंदीर गरम केला. आबांनी स्वतः धोतराचा एक कोपरा उचलला, मी नव्या चिमट्यानं उंदीर आत ठेवला, कोपरा खाली. आम्ही बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. टीव्ही बंद. बायको भाजी निवडत होती, तिचेही हात थांबलेले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी उठायला लागलो, आबांनी मांडीवर हात ठेवला. मग आतून आवाज आला, धप्प, प्लास्टिकवर काही तरी आपटल्याचा. एकदाच.

"घेतला," आबा म्हणाले.

मी आत जाऊन कोपरा एवढासा उचलला. उंदराभोवती तीन वेटोळी, घट्ट, आणि तो नाक खुपसणारा कासावीस प्राणी आता दगडासारखा स्थिर. मी कोपरा सोडला आणि आबांचे पाय धरले. ते पाय ओढून घेत म्हणाले, "सोड सोड. म्या मेंढराचं सांगितलं. सापाचं मला काय ठावं?"

पुढच्या रविवारी मिस्तरीनं विचारलं आणि मी "खाल्ला" म्हणालो, आणि ते खरं होतं. मला वाटलं होतं, खरं सांगताना छाती मोकळी होईल. तसं काही झालं नाही. तोच शब्द, तोच आवाज, आणि पलीकडून तेच "बढिया". त्याला फरक कळायचं काही कारणच नव्हतं.

आता कुणालाही वाटेल, सुटलो. दोन महिने नीट खाऊ घालायचं, वजन नऊशे साठवर न्यायचं, मग परत करायचं. कुणाला कळणार होतं? मीही हा विचार केला, खोटं कशाला सांगू. दोन दिवस मनात घोळवला. पण त्या दोन महिन्यांत आठ रविवार होते, आणि मला त्यातला एकही सोसवला नसता. नरानं दुसऱ्यांदा उंदीर घेतला, तो पचायला दिले चार दिवस, आणि फोनची वाट न बघता पुढच्या रविवारी सकाळीच त्याला कापडी पिशवीत घालून, पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात ठेवून, गाडी काढली. दौलताबादच्या पुढं घाट चढताना खोक्यावर एक हात ठेवून होतो.

दुकानात वार्निशचा वास भरलेला होता. मिस्तरीनं पिशवी सोडली आणि नराला हातात घेतला. त्यानं वजन केलं नाही. हातातून तार सोडावी तसा त्याला या हातातून त्या हातात सोडला. पाठीवर आला तेव्हा त्याचा अंगठा थांबला.

"हलका आहे."

मी सांगून टाकलं. सगळं, पहिल्या खोट्या रविवारपासून. पेटीची चूक, आबांची खोली, सगळं. तो ऐकत होता आणि नर त्याच्या मनगटाला वेढा घालत होता.

"किती इतवार?"

"सहा."

"मौसम में नर खाना छोडते. तुला मालूम नाही?"

"माहीत होतं."

"फिर?"

मी त्याला मेंढ्याचा कायदा सांगितला. आला त्याहून जड परत जायला हवा, हलका गेला तर घराची अब्रू जाते, म्हणून जीभ वळली नाही. सांगताना मलाच ते लहान मुलाच्या बहाण्यासारखं वाटलं. त्यानं मान हलवली, म्हणजे समजलं अशी.

"मी तुला बोललो, अजून दोन-तीनदा सोड."

"हो."

"तू खातो बोलला, म्हणून बोललो मी."

एवढंच. त्यानं आवाज चढवला नाही. शेजारच्या टपरीवरून चहा मागवला, मला बशीत ओतून दिला, आबांची तब्येत विचारली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं. निघताना तो दुकानाबाहेर गाडीपर्यंत आला, दरवेळेसारखाच. फक्त रविवारचे फोन त्यानंतर आले नाहीत, आणि यायचं काही कारणही उरलं नव्हतं.

मादीनं एप्रिलमध्ये सहा अंडी घातली. जूनमध्ये पाच फुटली. मी फोन केला, मिस्तरी मनापासून म्हणाला, "मुबारक." पिल्लं पहिली कात टाकल्यावर खायला लागतात, म्हणून आणखी तीन आठवड्यांनी तो आपला हिस्सा न्यायला आला, दोन छोटे डबे घेऊन. त्या तीन आठवड्यांत आबा मागच्या खोलीत रोज येऊ लागले होते. खुर्ची टाकून बसायचे आणि पिल्लांना नावं ठेवायचे, हा आळशी, हा चोर. मी मात्र तयारी करून ठेवली होती. प्रत्येक डब्यावर क्रमांक, वहीत प्रत्येकाची तारीख, कुणी कधी खाल्लं, किती खाल्लं, कुणी अजून नाही. एकही नोंद मनाची नाही. त्यानं विचारलं की वहीच पुढं करायची, असं ठरवलं होतं.

मिस्तरी आला, माझ्या गळ्यात गळा घातला, बायकोला सलाम केला, मागच्या खोलीत आला. मी वही घेऊन उभा होतो. तो पाच डब्यांपुढं उकिडवा बसला, एकेक झाकण उघडून पाहिलं. मग खुर्चीत बसलेल्या आबांकडं वळला.

"आबा, यातली कोणती खायला लागली?"

आबांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "ही तीन खात्यात. ती कडंची दोन आजून नाय."

मिस्तरीनं मान डोलावली आणि आबांनी दाखवलेल्या तिघांतला एक आणि कडेच्या दोघांतला एक असे दोन उचलून आपल्या डब्यांत घातले. वही माझ्या हातात तशीच राहिली.